निळ्या फडक्याखाली काय होतं

३ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला एवढं ओरडवत नाही, शेजारचे बघायला येतात. म्हणून पत्र.

मला एक काम मिळालंय. सिनेमाच्या पुरस्कारांचा तो वार्षिक सोहळा असतो ना, ज्याच्या दिवशी तू टीव्हीसमोरून उठत नाहीस आणि आजोबांना उपाशी ठेवतेस, त्याला यंदा पन्नास वर्षं होतायत. मंडळाला त्याचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचाय आणि तो मी लिहायचाय. माझं पहिलंच पुस्तक! नाचावंसं वाटत होतं. आता डोकं आपटावंसं वाटतंय. पहिल्या वर्षाचे सगळे कागद तळघरात भिजून लगदा झालेत. जे त्या वर्षी हजर होते ते एकतर गेले, नाहीतर त्यांना आपण स्वतः किती तरुण दिसत होतो एवढंच आठवतं. सचिवसाहेब रोज विचारतात, "कुठवर आलं?" आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जातात.

पहिला सोहळा तुझ्याच नाटकगृहात झाला होता. तेव्हा तू तिथे कपडेपट सांभाळायचीस आणि आजोबा पडदा ओढायचे, एवढं मला माहीत आहे. तर मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. सर्वोत्कृष्ट नायिकेची मूर्ती दरवर्षी निळ्या कापडात झाकून मंचावर आणतात आणि नायिका ती स्वतः उघडते. बाकी कोणाचीच झाकत नाहीत. ही प्रथा का पडली, कोणालाही सांगता येत नाही. पहिल्या वर्षीचा एकच फोटो सापडलाय. त्यात पहिल्या नायिका ते झाकलेलं छातीशी धरून उभ्या आहेत, आणि विंगेतून कोणाचा तरी हात बाहेर आलाय.

थोडक्यात लिही. थोडक्यात म्हणजे काय ते आजोबांना विचार.

तुझी नात

* * *

११ फेब्रुवारी

माझ्या गडबडे,

तुला ओंजळ भरभरून आशीर्वाद. पुस्तक! आपल्या घरात पुस्तक लिहिणारी! मी चार इयत्ता शिकले, त्यातली तिसरी दोनदा, आणि माझी नात पुस्तक लिहिते. दूधवाल्याला सांगितलं, समोरच्या शिंपिणीला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असतानाच सांगितलं. तो म्हणाला, आजी, आधी चूळ भरा.

आणि तो फोटोतला हात माझा आहे! फोटो पाहिला नाही तरी सांगते. करंगळी वाकडी आहे का बघ. दारात सापडली होती लहानपणी. ते दार आमच्या मोठ्या काकांनी बसवलं होतं, त्यांनी बसवलेलं एकही दार धड लागायचं नाही, पण त्यांच्या तोंडावर कोण बोलणार.

तर ऐक. त्या दिवशी मूर्ती एकच होती. हसू नकोस. बाकीच्या ओतायच्याच राहिल्या होत्या. कारखानदार सकाळी एकच घेऊन आला, ती पण घाईत ओतलेली, एक खांदा खाली आणि एक वर, पाटी वाहणाऱ्या बाईसारखी. मंडळींनी डोक्याला हात लावला. मग ठरलं, सगळ्यांना तीच द्यायची. डावीकडून मंचावर जायचं, पाहुण्यांच्या हातून घ्यायची, फोटो काढायचा, उजवीकडून उतरायचं. उजव्या विंगेत माझं इस्त्रीचं टेबल. मी मूर्ती काढून घ्यायची, बोटांचे डाग पुसायचे आणि मागच्या पडद्याआडून पळत डावीकडे नेऊन द्यायची. पुन्हा तीच मूर्ती, नवा माणूस, नव्या टाळ्या! सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं, की घरी जाताना कोणी नेऊ नका, तुमची तुमची नंतर घरपोच येईल. फक्त शेवटी जिला मिळेल तिने हीच न्यायची. शेवटची म्हणजे नायिका.

काय पळाले मी त्या संध्याकाळी! तेव्हा गुडघे होते मला. आता आहेत ते नावाला. डॉक्टर म्हणतो वजन कमी करा. मी म्हटलं, गुडघ्यांचं वजन कसं कमी करायचं?

तुझे आजोबा म्हणतायत मी चुकीचं लिहितेय आणि फडकं निळं नव्हतं, हिरवं होतं. ज्या माणसाला स्वतःचे मोजे जुळवता येत नाहीत त्याने रंगावर बोलू नये. निळंच होतं. मला नाही माहीत तर कोणाला, फडकं माझंच होतं.

आता पुरे करते, कुकर बोलावतोय.

आजी

* * *

१८ फेब्रुवारी

आजी!!

गुडघे, दार, दात, मोजे! हे सगळं मी पुस्तकात कुठल्या प्रकरणात घालू? आणि ज्याच्यासाठी मी पत्र लिहिलं ते एका ओळीत, "फडकं माझंच होतं," आणि लगेच कुकर! अगं, आधी कुकर बंद करायचा, मग पत्र पुरं करायचं!

इकडे सचिवसाहेबांनी एक प्रकरण स्वतःच लिहून दिलंय. "निळ्या वस्त्राचे तत्त्वज्ञान". निळा रंग म्हणजे अथांगता, झाकणं म्हणजे कलावंताचा विनय. त्या कापडाच्या कोपऱ्यात दरवर्षी तपकिरी धाग्याने पानाच्या आकाराची नक्षी भरतात, ती म्हणजे "कलेची ज्योत". मंडळाच्या निमंत्रणांवरही तीच ज्योत छापतात. मी विचारलं, पहिल्या कापडावर ती कोणी काढली? तर म्हणाले, "ज्योतीला कर्ता नसतो." मी चहा प्यायला निघून गेले.

पहिल्या वर्षी पुरस्कार मिळालेल्या विनोदवीरांच्या घरी गेले. ते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी असते. त्यांच्याकडे त्या एकाच वर्षाच्या दोन मूर्ती आहेत. का, ते तिलाही ठाऊक नाही. म्हणाली, "बाबांना विचारलं की हसायचे." एक कपाटात आहे, आणि दुसरी वाकड्या खांद्याची, ती वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवलीय. इतिहास दाराला टेकवून ठेवतात लोक!

मग पहिल्या नायिकांकडे गेले. आजी, काय सांगू. एवढ्या वयातही मान अशी ताठ! काचेच्या कपाटात त्यांचे सगळे पुरस्कार, आणि मधोमध ते निळं गाठोडं, तसंच बांधलेलं. पन्नास वर्षांत त्यांनी ते एकदाही सोडलेलं नाही. मी विचारलं, "का?" म्हणाल्या, "काही गोष्टी झाकलेल्याच शोभतात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी ती नम्रता! सगळा वैताग विसरले. परत येऊन सचिवसाहेबांनाही सांगितलं, तर तेही आयुष्यात पहिल्यांदा माझं पूर्ण ऐकून घेईपर्यंत थांबले.

आता तू फक्त एवढंच लिही: तुझं फडकं त्यांच्या मूर्तीवर गेलं कसं?

वैतागलेली आणि भारावलेली,
तुझी नात

* * *

२६ फेब्रुवारी

गडबडे गं,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की आजोबा पाणी घेऊन आले. त्यांना वाटलं ठसका लागला. मग त्यांना वाचून दाखवलं, तर ते पाणी त्यांनाच प्यावं लागलं.

नम्रता! अगं, त्यात मूर्ती नाहीच. त्यात माझी इस्त्री आहे.

बाईंना शब्द दिला होता, कोणाला म्हणून सांगणार नाही. पण तू काय कोणी आहेस? तू घरची. आजोबांना तेव्हाच सांगितलं होतं, तेही घरचेच. म्हणजे अजून मी कोणालाच सांगितलेलं नाही.

झालं काय, शेवटून दुसरा नंबर त्या विनोदवीराचा. मूर्ती घेऊन उजवीकडे उतरला तो लहान मुलासारखा नाचत. मी हात पुढे केला. तो म्हणाला, "ताई, आई तापाने पडलीय घरी, तिला एकदा दाखवतो आणि आलोच," आणि मागच्या दाराने पसार! मी "अहो, अहो" करत दारापर्यंत, तोवर त्याची गाडी वळणावर. बाहेर मंचावर नायिकेचं नाव पुकारत होते. डाव्या विंगेत बाई उभ्या, मानेच्या कॉलरला मी लावलेली टाचणी टोचतेय म्हणून माझ्या नावाने बोटं मोडत. आणि माझे हात रिकामे!

टेबलावर काय होतं? इस्त्री. कोळशाची, चांगली वजनदार. निखारे झटकून ठेवली होती. उचलली, इस्त्रीखालच्या निळ्या फडक्यात गुंडाळली, वर गाठ मारली आणि पळाले. पाहुणे विंगेपाशी आले, मी त्यांच्या हातात दिली, त्यांना वाटलं हीच पद्धत असेल. बाईंच्या कानात एवढंच सांगितलं, "बाई, आत मूर्ती नाही, उघडू नका."

पाहुण्यांनी ती विंगेपाशीच बाईंच्या हातात ठेवली तेव्हाही फडक्याचं टोक माझ्या करंगळीत अडकलेलं होतं, तोच तो फोटो.

बाईंनी मग जे काम केलं ना, तसं त्यांनी कुठल्या सिनेमात केलं नाही. मान खाली, डोळे मिटलेले, गाठोडं छातीशी. डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळं नाटकगृह उभं राहिलं. खरं सांगू? इस्त्रीचं पोट अजून गरम होतं. उतरल्यावर म्हणाल्या, "भाजले मी, इस्त्रीबाई!" तेव्हापासून मला त्यांनी तेच नाव ठेवलं. बाहीवर राख सांडली होती, ती मी झटकली.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं, नायिकेने विनयाने पुरस्कार झाकूनच स्वीकारला. आता कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणाल्या, "मेलीस तरी बोलू नकोस." मी म्हटलं, मेल्यावर तर नाहीच बोलणार. पुढच्या वर्षी मंडळाने आपणहूनच नायिकेची मूर्ती झाकली. आणि कोपऱ्यातली ती ज्योत म्हणजे फडक्यावर इस्त्री विसरून राहिली होती तेव्हा पडलेला डाग. मी दरवर्षी टीव्हीवर बघते आणि आजोबांना म्हणते, बघा, माझा डाग आला. म्हणून तर मी उठत नाही.

हे छापायचं नाही हं. शपथ आहे माझी.

आजी

* * *

४ मार्च

आजी,

तुला काय म्हणू तेच कळत नाही, म्हणून दोन कागद फाडून हा तिसरा घेतला.

पुस्तकातली एकमेव खरी गोष्ट तू मला सांगितलीस आणि छापायचं नाही म्हणालीस. आता मी सचिवांचं तत्त्वज्ञान तपासायला बसते आणि "अथांगता" आलं की मला कोळसा दिसतो. हसू येतं, मग रडू येतं. पण ते जाऊ दे. त्याहून वाईट झालंय, आणि ते मी केलंय. म्हणजे अर्धं तू केलंयस. तू पहिल्याच पत्रात हे लिहिलं असतंस तर!

मी सचिवसाहेबांना त्या गाठोड्याचं सांगितलं होतं ना? ते ऐकून ते खुर्चीतून उठलेच. यंदा पहिल्या नायिकांना जीवनगौरव द्यायचा आणि त्या वेळी त्यांनी ते गाठोडं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, मंचावर सगळ्यांसमोर उघडायचं असं ठरलंय! जाहीरही करून टाकलंय. नायिका तेव्हा "बरं" म्हणाल्या म्हणे. नाही म्हणायला कारण काय देणार? त्या दिवसापासून फोन उचलत नाहीत. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा मोलकरणीने सांगितलं, बाई झोपल्यात. दुसऱ्यांदा दाराच्या फटीतून मला दिसल्या. त्या कपाटासमोर खुर्ची टाकून नुसत्या बसल्या होत्या.

आजी, हजार माणसांसमोर आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर त्या ती गाठ सोडणार आणि आतून इस्त्री निघणार. उभं आयुष्य मान ताठ ठेवलेली बाई. लोक हसतील गं. आणि हे माझ्या भारावून जाण्यामुळे. सचिवांना थांबवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर तेच छापून येईल. मला काही सुचत नाही. तू मात्र आता कृपा करून गुडघ्याबद्दल लिहू नकोस.

तुझी नात

* * *

९ मार्च

अगं वेडे,

गुडघ्याबद्दल लिहिणार नव्हते, पण तू नाही म्हणालीस म्हणून सांगते, बरा आहे.

रडतेस काय? पडद्यामागे वस्तू बदलायला कितीसा वेळ लागतो? राजाचा भिकारी आणि भिकाऱ्याचा राजा करायचे मी, दोन प्रवेशांच्या मधे, तेही टाचण्या तोंडात धरून. शिकलेल्या लोकांचं हेच असतं, आधी काळजी करतात आणि मग विचार.

तूच लिहिलंस ना, विनोदवीराच्या घरी वाकड्या खांद्याची मूर्ती दाराला लावलीय? तीच ती! आईला दाखवायला नेली ती राहिली. नंतर सगळ्यांना घरपोच आल्या, तशी त्यालाही आली. बाईंना आली नाही, कारण मंडळाला वाटलं बाईंनी शेवटची नेलीच आहे. म्हणजे बघ, पहिली नायिका, आणि तिची पहिली मूर्ती तिने कधी हातात धरलीच नाही. मला ही गोष्ट इतकी वर्षं खुपते. हसते मी, पण खुपते.

तर तू ती मूर्ती मागून आण. कारण सांगू नकोस, तुझ्या पुस्तकासाठी म्हण. मला विंगेतला पास काढ. आणि बाईंच्या मोलकरणीपाशी एवढाच निरोप ठेव: "गाठोडं घेऊन या, इस्त्रीबाई विंगेत उभी असेल." बाकी एक अक्षर नको. त्यांना कळेल.

आजोबाही यायचं म्हणतायत. पडदा आता बटणावर चालतो म्हटलं तर रुसून बसलेत.

आजी

* * *

१७ मार्च

आजी,

घाईत लिहितेय. मूर्ती मिळाली. विनोदवीरांची मुलगी हसत हसत म्हणाली, "न्या की, पण दाराला दुसरं काहीतरी द्या." मी माझा जाड शब्दकोश देऊन आले.

निरोप ठेवला. उत्तर काहीच नाही. आल्या नाहीत तर? आल्या आणि गाठोडं सरळ मंचावर घेऊन गेल्या तर?

मूर्ती पिशवीत घालून दारावरच्या माणसाकडे ठेवलीय, तुम्हा दोघांचे पासही तिथेच आहेत. सचिवांनी मला प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसवलंय, त्यामुळे मला विंगेत येता येणार नाही. वेळेवर ये. लवकर नको, कारण तू गप्पा मारत बसशील. आजोबांना आणच. त्यांनी मला फोन करून अर्धा तास पडदा समजावून सांगितला, माझ्यात आता ताकद उरलेली नाही.

तुझी नात

* * *

२ एप्रिल

माझ्या लेखिके,

तुझं पुस्तक आलं! पोस्टमनला आत बोलावून दाखवलं. घाईत होता बिचारा, तरी मुखपृष्ठ बघून गेला.

तू त्या दिवशी गर्दीत मला नीट भेटलीच नाहीस, सचिवांनी तुला फोटोला ओढलं. तेव्हा विंगेत काय झालं ते आता ऐक.

मी डाव्या विंगेत, आजोबा माझ्या मागे, बटण दाबणाऱ्या माणसाला सल्ले देत. बाई आल्या. गाठोडं पोटाशी, ओठ घट्ट मिटलेले. मला बघितलं आणि म्हणाल्या, "म्हातारी झालीस गं." मी म्हटलं, "तुम्ही पण काही लहान राहिला नाहीत." मग हसल्या. म्हणाल्या, "मी ठरवूनच आलेय. उघडणार आणि सांगणार, की ही इस्त्रीच आहे. खूप वर्षं झाकलं, आता थकले."

मी गाठोडं घेतलं, गाठ सोडली, इस्त्री काढली, तुझ्या पिशवीतली मूर्ती ठेवली, तीच गाठ मारली. डाग बरोबर कोपऱ्यात आला. बाई नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "हिचा खांदा..." मी म्हटलं, "हो, तीच. आईला दाखवायला गेली होती, यायला जरा उशीर झाला." आणि कानात सांगितलं, "बाई, आत मूर्ती आहे. उघडा."

पुढचं तू समोरून पाहिलंस. सगळे म्हणतात, केवढा अभिनय! मी पहिल्या वेळी अभिनय पाहिलाय, गडबडे. हा अभिनय नव्हता. तो वाकडा खांदा त्या अंगठ्याने पुसत होत्या, आणि भाषणात एक वाक्यही धड आलं नाही.

उतरल्यावर फडकं मला देऊ लागल्या. मी म्हटलं, ते तुमचं, इस्त्री तेवढी मी घरी नेते. तर म्हणतात, "काळजी घे हं तिची, मी रोज पुसत होते."

तुझं पुस्तक आजोबांनी मोठ्याने वाचलं, अर्धं चष्म्याशिवाय. त्या प्रकरणात तू सचिवांचं सगळं तत्त्वज्ञान तसंच ठेवलंस आणि खाली एकच ओळ लिहिलीस, "त्या पहिल्या कापडाखाली काय होतं, ते ज्यांना माहीत आहे त्यांनी जपून ठेवलं आहे." मी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. तुला ते लिहून टाकावंसं किती वाटलं असेल, ते कळतं मला. तुझी आजी चार इयत्ता शिकलेली असली तरी एवढं कळतं.

फक्त पोस्टाने येताना नेमकं तेच पान दुमडलं होतं. म्हटलं, आता इस्त्री घरी आहेच. कोळसा घातला, पान टेबलावर पसरलं आणि हलक्या हाताने फिरवली. एकदम सपाट झालं. तेवढ्यात आजोबांनी विचारलं, माझे मोजे कुठे आहेत, आणि मी वळून बघितलं.

कोपऱ्यात ज्योत उमटलीय. अगदी हुबेहूब.

आजी